बिअर

आस्करडेलच्या पोस्टामागच्या खोलीत टेलिफोन एक्स्चेंज होतं.
तिथे डॉर्कस रिग एकटीच बसायची.
बावीस वायरी, बावीस घरं,
कानावर हेडफोन, मांडीवर अर्धा विणलेला मोजा.
दरीत कुणाचं काय चाललंय, तिला सगळं ठाऊक,
नुसतं ऐकून.

घोळ तिथेच होता.

वरच्या शेतावरून विल्फ्रिड टॅलेंटायर ओरडायचा,
"वेदर फार वाईट आहे!"
की ती सुई थांबवून विचारायची,
"आभाळ की मेंढा?"
कारण खच्ची केलेल्या मेंढ्यालाही तिकडे वेदरच म्हणतात,
आणि हवेला,
आणि "येईन की नाही कोण जाणे" यातला जो लोंबकळता 'की',
त्यालाही.
एकदा तो म्हणाला, "तिन्ही."
आणि ठेवून दिला फोन.

त्याची बायको झिला मात्र सीमेपलीकडची, स्कॉटिश.
तो तिसरा शब्द ती फुंकर घालून म्हणायची: ह्वेदर.
खाली पबात लोक नक्कल करायचे.
डॉर्कस कधी हसली नाही.
बावीस घरांत ही एकच बाई
तांदळातून खडा काढावा तसा
एक तरी शब्द वेगळा काढून द्यायची.

जानेवारीत बर्फ पडलं.
विल्फ्रिड वेदरमध्ये वेदर शोधायला गेला.
तिसऱ्या दिवशी वायर खरखरली.
पलीकडे गडी होता, जॉस, सोळा वर्षांचा, दात वाजत होते:
"पबात निरोप द्या. बिअर वर पाठवा. आजच."
डॉर्कसला वाटलं, बर्फ उपसणारी माणसं असतील, तहानली असतील.
तिनं चिठ्ठी लिहिली. अक्षर सुंदर होतं तिचं.

आता सांगायला हवं:
चर्चमागच्या छपरीत एक लाकडी गाडी असते,
तिच्यावरून माणसाला शेवटचं नेतात.
आपली तिरडी म्हणा, चाकांची.
तीही बिअरच.
आणि ती ओढणारा म्हातारा संध्याकाळी पबातच सापडायचा.
लिहिताना या बिअरच्या पोटात एक आय असतो.
बोलताना तो कुठेच लागत नाही,
दिसतो फक्त डोळ्याला,
आणि डोळ्यालाही ते लोक आयच म्हणतात.

मी हे देवनागरीत लिहितेय, मला तर तेवढाही आधार नाही.
आपली लिपी कानाशी इमानी.
ऐकलं ते लिहिलं.
डॉर्कसनं तरी दुसरं काय केलं?

अमॉस ब्यूलीनं पिंप घसरगाडीवर बांधलं,
चार तास घोड्यापुढे फावडं मारत गेला.
दार उघडलं.
टेबलावर विल्फ्रिड, हनुवटीपर्यंत चादर.
चुलीपाशी मेंढा, जिवंत, लोकरीतून पाणी गाळत.
अमॉसच्या खांद्यावर पिंप.
ते खाली ठेवता येईना, घेऊन परत जाता येईना.
झिलानं पिंपाकडे पाहिलं बराच वेळ.
"आणलीयस तर आत घे," ती म्हणाली,
"बाहेर गोठेल."

तिघंही प्यायली. ती कान तुटलेल्या कपातून.
जॉसला ठसका लागला, मग रडू आलं,
मग मेंढ्यालाही थोडी पाजली म्हणतात.
खरंखोटं अमॉस जाणे.

दुसऱ्या दिवशी योग्य ती बिअर वर गेली,
चाकं काढून, दोरानं ओढत.
मागोमाग डॉर्कस.
बावीस घरांचे फोन त्या दुपारी मुके.
वाटभर तिनं माफीचं वाक्य घोकलं होतं;
अंगणात पोचली तर त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता.

झिला दारात उभी.
"मला सांगता येत नाही," ती म्हणाली, "ह्वेदर…"
आणि वाक्य तिथेच राहिलं.

थंडी इतकी होती,
की तो ह वाफ होऊन तोंडाबाहेर आला,
दोघींच्या मधे थोडा वेळ थांबला.
इतकी वर्षं ऐकलेला.
डॉर्कसनं तो पहिल्यांदाच पाहिला.