वीस झाले की परत एक

सकाळी हातातला कप
आपोआप उडाला. चहा भिंतीवर.
"म्या नाई केलं वं," दादा म्हणाला.
खरंच, त्यानं नव्हतं केलं.

त्रेचाळिशीचा गुणवंत. सक्करदऱ्यात
पोह्याच्या ठेल्यावर तर्रीच्या वाट्या विसळायचा,
मोजून रचायचा. वीस झाल्या की परत एक.
वीसच्या पुढं त्याचं अडत नव्हतं.
आता शर्टाचं तिसरं बटण सापडत नाही.

धंतोलीचे डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले,
या मुलांचा मेंदू लवकर म्हातारा होतो.
मुलांचा!
कल्ले पांढरे झालेत त्याचे.
म्हणाले, फिट आली की कुशीवर वळवा,
तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा.
पाच मिनिटं झाली की ॲम्ब्युलन्स.

काल रात्री आली. कूलरची घरघर,
बनसोडकाकू कांदा घेऊन दारात.
मी हातानंच नको म्हटलं.
घड्याळाकडे बघवेना,
म्हणून त्याच्या हिशोबानं मोजलं,
अठरा, एकोणीस, वीस, परत एक.
सहा विसा, वर तीन.

मग मोठा श्वास. लाळ. ओला पायजमा.
बऱ्याच वेळानं त्यानं माझा पंजा धरला,
एकेक बोट दाबत गेला.
"चार," म्हणाला. "बराबर?"

मी अंगठा मिटून घेतला.