गच्चीचा नंबर

लिफ्टच्या मोटरशेजारी आमची खोली.
ताडदेवची ही इमारत सात मजल्यांची,
आम्ही त्याच्याही वर, गच्चीवर,
जिथे लिफ्ट येत नाही. अठरा पायऱ्या चढाव्या लागतात.

हर्षालीचा कॉम्प्युटरचा पेपर सोमवारी.
घरात कॉम्प्युटर नाही.
शाळेत बारा, त्यातले नऊ चालू,
एकेकावर तिघी.
म्हणून ती कागदावर चालवते प्रोग्राम.
'टाकी धुणार, पाणी येणार नाही'
असल्या जुन्या नोटिसांच्या पाठीवर
तिने आखलेले रकाने:
आय किती, बेरीज किती, छापलं काय.
बोट एकेक ओळ खाली उतरतं,
जुना आकडा खोडून ती नवा लिहिते,
जणू वाण्याची उधारी मांडतेय.

आधी असं नव्हतं.
गणपतीत ती नुसतं पुस्तक रंगवायची,
पिवळा, मग गुलाबी, मग पिवळ्यावर गुलाबी.
सहामाहीचे मार्क आले तेव्हा म्हणाली,
बाबा, वाचताना सगळं ओळखीचं वाटतं,
पेपरात कोणीच ओळख देत नाही.

आता पुस्तक मिटून बसते.
आठवेल ते लिहिते, मग उघडून
राहिलेलं लाल पेनने भरते.
चुकलेला प्रश्न चिठ्ठीवर, चिठ्ठी मिठाईच्या डब्यात.
उद्या पुन्हा. मग तीन दिवसांनी. मग आठवड्याने.
जमलेल्या चिठ्ठ्या फेकून देऊ का, विचारलं,
तर म्हणाली, एकदा जमलं म्हणजे जमलं नाही.

रात्री दहाला माझी ड्यूटी संपते.
मग मी मशीन.
'तुम्ही काही समजून घ्यायचं नाही, बाबा.
मी सांगेन तेवढंच करायचं.'
बत्तीस वर्षं तेच करतोय, म्हटलं.
'एक पाऊल पुढे. पुन्हा तेच.'
चाललो. कपाट आलं. नाक कपाटाला टेकलं,
पाय चालूच.
'बाबा, थांबा ना!'
कधी थांबायचं, ते तू लिहिलंच नाहीस.
ती हसली, मग हसता हसता गप्प झाली,
आणि त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

मलाही थोडं येतं, असं निघालं.
मोजणी शून्यापासून का, हे तिच्या वर्गात कोणाला पटेना.
मला पटलं. तळमजला म्हणजे दुसरं काय?
शेवटी शिरलेला आधी बाहेर, हे तर
दस्तूरबाई आणि त्यांचा कुत्रा रोज दाखवतात.
खाली लागते ती लाइन वेगळी,
तिथे आधी आलेला आधी.

मजल्यांचे नंबर ती शून्य-एकात शिकवते.
तीन खणांत अख्खी इमारत बसते:
तळमजला तीन शून्यं, सातवा तीन एक.
आणि आपलं घर?
जरा थांबून म्हणाली, आठाला चौथा खण लागतो.
खण तीनच असले, तर पुढचा एक गळून जातो,
उरतात तीन शून्यं.
म्हणजे एकदम तळमजला, म्हटलं.
तिने कडेला लिहिलं: हे विचारतातच, दोन मार्क.

मेमध्ये नवी लिफ्ट येणार. बटणांची.
ती नोटीस डब्याखाली दाबलेली आहे,
पाठ अजून कोरी.
तिने त्यावर काही सोडवलं नाही.
मीही विचारलं नाही.

शनिवारी जुना पेपर, घड्याळ लावून.
रविवारी साडेनऊला दिवा बंद.
नवीन काही वाचायचं नाही, म्हणाली,
झोपही पोर्शनमध्ये आहे.
मोटर तेवढी दोनदा घरघरली.

सोमवारी सातव्यावर ती आत आली,
दोन पेनं, पट्टी, हॉलतिकीट.
मी जाळीचं दार ओढलं.
मजले वर सरकत होते, ती ओठातल्या ओठात:
एक एक शून्य.
एक शून्य एक.
एक शून्य शून्य.
तिसऱ्यावर मेहेंदळे चढले,
काय, झाला का अभ्यास?
तिने नुसती मान हलवली. मग
शून्य एक शून्य.

तिसऱ्याचं राहिलं होतं. ते मी म्हटलं, मनात.
शून्य एक एक.