अकरा सेकंद

मी फक्त टंकते.
कोण खरं, कोण खोटं, ते माझ्या बोटांना विचारू नका.
सेंट जॉन्सच्या कोर्टात एकोणीस वर्षं हेच:
साक्षीदार रडला तर 'रडतो' असं कंसात,
गप्प बसला तर काहीच नाही.

खटला असा.
फेब्रुवारी, पहाटे पाचला वीस कमी,
बंदरावरून चढलेलं धुकं,
सिग्नलचा रंग तेवढा दिसावा, खांब दिसू नये.
टेकडीवरून अग्निशमन दलाचा बंब उतरत होता,
आडव्या रस्त्याने पावाची व्हॅन.
व्हॅनला हिरवा. बंबाला लाल,
पण बंबाला लाल ओलांडायची मुभा आहे,
आणि मुभेच्या पुढे कायद्यात एक 'मात्र' आहे.
त्या 'मात्र'वर या गावातल्या कितीतरी वकिलांची
घरं उभी आहेत, समुद्राकडे तोंड करून.

फिलोमिना टिझार्ड, वय एकावन्न.
शपथ घेताना हात खांद्याच्या वर गेला नाही.
म्हणाली, आवाज आला होता, नाही कशाला म्हणू?
लांब, जाड, एकच.
मला वाटलं धुक्याचा भोंगा.
पाळण्यात होते तेव्हापासून ऐकतेय,
त्याच्यासाठी कोणी ब्रेक मारतं का?

तज्ज्ञ म्हणाले, भोंगाही असेल,
किंवा दूरवर तुटलेली सायरनची शेपटी.
तज्ज्ञांनी टायरच्या खुणा मोजल्या होत्या:
सतरा मीटर चाळीस.
ऐकू आलेलं मोजायची पट्टी
त्यांच्या पेटीत नव्हती.

मग अँब्रोज किओ, बंबाचा चालक,
टोपी मांडीवर उलटी, जणू तिच्यात कोणी काही टाकणार होतं.
यंत्रातली नोंद त्याला वाचून दाखवली:
धडकेआधीचे अकरा सेकंद सायरन बंद.
का?
तिथे वृद्धाश्रम आहे, साहेब.
दचकून उठतात बिचारे, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही.
तेवढा उतार आम्ही मुक्यानेच उतरतो.
कोणी सांगितलं?
कोणी नाही.
कोणी नको म्हटलं?
तो पंख्याकडे बघत राहिला. पंखा बंद होता.

तेव्हा टिझार्डबाईंच्या वकिलाने मनगट वर केलं
आणि म्हणाला, अकरा सेकंद म्हणजे किती ते ऐकू या.
सगळं कोर्ट ऐकत बसलं.
कोणी खोकलं नाही.
माझी बोटं अधांतरी.
चार. पाच.
त्या वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत,
माझे वडील असतात.
आठ.
त्या रात्रीच्या वहीत नर्सने लिहिलंय:
शांत झोप लागली.
हे मला कोणी विचारलं नाही. मी साक्षीदार नाही.
अकरा.

निकाल आला जूनमध्ये.
न्यायमूर्ती डॉबिन चष्मा पुसत म्हणाले,
घाई हा गुन्हा नाही, पण घाईलाही डोळे हवेत.
बंबाकडे साठ टक्के, व्हॅनकडे चाळीस.
शंभर भरले.
धुक्याच्या नावावर काही नाही,
दयेच्याही नाही.

बाहेर पायऱ्यांवर लिएंडर नोजवर्दी भेटला,
ज्याच्या चिमणीसाठी बंब निघाला होता.
काजळीनं पेट घेतला होता, दहा मिनिटांत आपोआप विझली.
रोज यायचा, मागच्या बाकावर बसायचा,
जेवणाचा डबा आणि धुतलेली कॉलर.
म्हणाला, बाई, तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं,
माझे किती?
म्हटलं, तुम्ही पक्षकार नाही.
ते माहितीय, म्हणाला, पण किती?

रात्री प्रत तपासत बसले.
पान दोनशे बारा: वकिलाचं 'ऐकू या',
आणि लगेच खाली वकिलाचंच 'धन्यवाद'.
मध्ये काहीच घडलं नाही असं.
मी तिथे एक ओळ मोकळी सोडली.
नियमात बसत नाही.
अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.