इतर

मुलीने पुण्याहून लॅपटॉप पाठवला, आत सॉफ्टवेअर घालून.
"बाबा, सगळं एका ठिकाणी आणा."
म्हटलं, सगळं एका ठिकाणीच आहे, देवगडात,
लोखंडी कपाटात, बिस्किटांच्या डब्यात.
हसली. म्हणजे ते ठिकाण नव्हे.

तर मे महिन्यात, पिकल्या फणसाच्या वासात,
पंखा दोनवर ठेवून बसलो.
पासबुकं पसरली, वर एकेक शिंपला ठेवला उडू नयेत म्हणून.
पोस्टाच्या नोंदी अर्ध्या दुसऱ्या ओळीवर चढलेल्या,
जोईल मास्तरांच्या प्रिंटरला समास कधी कळलाच नाही.

खात्याचा प्रकार निवडा :
निवृत्ती. गुंतवणूक. बचत. कर्ज. इतर.
ग्रॅच्युइटी निवृत्तीत टाकली.
तिचीच पोस्टात ठेव केलेली, ती गुंतवणुकीत.
खाली बेरीज बघतो, तर मी दुप्पट श्रीमंत!
एक अख्खी दुपार तसाच राहिलो.
संध्याकाळी कोकम सोडा प्यायलो, मग दुरुस्त केलं.
पैसा आला नव्हता, नुसता सरकला होता.
बंदर खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला
हे आधी कळायला हवं होतं :
खाडीत चढलेलं पाणी
म्हणजे नवं पाणी नव्हे.

फंडाची वरखाली रेघ दाखवून मुलगी म्हणते,
"बघा, तुमच्या भरती-ओहोटीसारखीच."
नाही गं.
भरती मी रोज रजिस्टरात लिहिली आहे,
वेळ, मीटर, सेंटिमीटर, सही.
ती उद्या पन्नास मिनिटं उशिरा येते, पण येते,
आणि पुनवेला जेटीची कुठली पायरी भिजणार
हे मी अंथरुणातून सांगतो.
हिची पायरी कुठली?

बुडालेल्या पतसंस्थेतले बेचाळीस हजार
आधी लिहिले. मग शून्य केले. मग परत लिहिले.
दर वेळी सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की?
संचालकांनी तर एकदाही नाही विचारलं.

राहिली ती गोष्ट जिचं पासबुक नाही.
अठ्ठ्याण्णव साली इस्माईल सोलकरच्या ट्रॉलरमध्ये
चार आणे भाग घातला मी. पन्नास हजार.
सरकारी नोकर, म्हणून कागद नाही.
साक्षीला त्याची आई
आणि खळ्यात वाळत घातलेली सुकट.
संस्थेचं नाव? खाते क्रमांक? मुदत कधी संपते?
बोट संपली दोन वर्षांपूर्वी. फळ्या सुटल्या,
इंजिन रत्नागिरीला गेलं, बाकी भंगारात.
माझ्या वाट्याचे आले ते इस्माईलने मोजून दिले,
नोटा दमट होत्या.
म्हणजे खातं बंद.

पण दरवर्षी मासेमारी सुरू झाली की तो अजून येतो.
दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहे आता.
हातात सुरमई, शेपटीला धरलेली.
"तुमचो भाग."
कसला रे भाग, म्हटलं तर दारात उभ्या उभ्या रागावतो.
आमची ही आतून म्हणते,
"लाभांश म्हणून लिहा, नि तो मासा इकडे द्या, मीठ लावते."

मी 'इतर' निवडलं. नाव : सोलकर.
शिल्लकीचा रकाना रिकामा ठेवू देत नाहीत,
म्हणून शून्य घातलं.
त्या शून्यातून दरवर्षी काहीतरी निघतं
आणि ताळा बिघडतो.
फोनवर मुलगी : "बाबा, फरक दिसतोय, तो मिटवा."
असू दे म्हटलं,
एवढा एका माशाचा फरक असू दे.

शेवटी पासवर्ड मागितला,
अक्षरं हवीत, आकडेही हवेत, कोणाला सुचू नये असा.
मोडलेल्या बोटीचा नंबर मला पाठ आहे,
नाळेवर पांढऱ्या रंगात, शेवटचा सात जरा तिरका.
तो घातला.

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत उमटलं :
मजबूत.