उजवीकडेच

काठ्या नेहमी उजवीकडेच फिरवायच्या.
बाबांचा हा एकच नियम, बाकी सगळा अंदाज.
डावीकडे एक वेढा गेला की पितळी आटे सुटतात
आणि पुढचं टोक राहतं तिथेच,
बेथानिया टेरेसच्या पोटात,
सहा घरांच्या आंघोळी अंगावर घेत.

"चाळीस वर्षांत माझी एक काठी आत राहिली नाही,"
बाबा बिअरच्या फेसातून सांगायचे,
ऐकणारे खाणीतले. त्यांना आत राहणं म्हणजे काय ते ठाऊक.
कोणी हसायचं नाही.

वेल्समधली ही अरुंद दरी.
खाण मिटली, घरांनी रांग मोडली नाही.
मागच्या अंगणांखालून सगळ्यांचं मिळून एकच गटार,
भाजल्या मातीचं, राणीच्या काळातलं.
सात नंबरचा इड्वल आणि अकराची मेरेरिड
एका मांजरावरून बारा वर्षं बोलत नाहीत.
त्यांचं पाणी मात्र दोन बाजूंनी येऊन
नऊच्या चेंबरमध्ये भेटतं, आणि पुढे एकत्र जातं.

आज नऊ नंबरच्या हाउल्वेनबाईंचा फोन:
"अंगणात वर आलंय गं. तुझ्या बाबांना पाठव."
बाबा आता कुठे येणार.
मी आले.

पहारीने झाकण उचललं.
वासाची सवय होते हे खोटं.
सवय होते ती चेहरा न बदलण्याची.

काठीला काठी जोडत गेले, उजवीकडे, उजवीकडे.
आधी वाइप्सचा दोरखंड निघाला,
मग मेंढीच्या चरबीचा गोळा, मेणबत्तीसारखा पांढरा,
कितीतरी रविवारच्या जेवणांचा.
तरी पाणी ढिम्म.
उतार तर बरोबर आहे, चाळीस फुटांना एक.
कमी दिला तर साचतं.
जास्त दिला तर पाणी एकटंच पुढे पळतं
आणि ज्याला न्यायचं ते मागे राहतं.
हेही बाबांचंच. माणसांबद्दल असावं, असं मला उगाच वाटायचं.

कॅमेरा सोडला.
अकरा फुटांवर, सांध्याच्या भेगेत अडकलेलं
काहीतरी चमकलं.

आकड्याने ओढून काढलं.
वेत केव्हाच कुजून गेलेला, उरलं होतं फक्त पितळ,
टोकाला बूच काढायच्या स्क्रूसारखा पीळ,
आणि खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं.
बाबांची.

हाउल्वेनबाई चहा घेऊन दारात.
पितळ बघून कप खाली ठेवला.
"त्या दिवशी मीच वरच्या खिडकीतून ओरडले होते.
एल्फेड, मुलगी झाली!
तो नुसता वर बघत राहिला, हात आपला फिरतोच आहे."
मग थोडं थांबून,
"की ते बॉयलर फुटला त्या वर्षी?
नाही, बॉयलरच्या वेळी बर्फ होता.
बिस्कीट घे."

मी बिस्कीट घेतलं, हात न धुता. बाई काही बोलल्या नाहीत.

नळीने अंगण धुतलं, सोड्याचं गरम पाणी ओतलं,
फॉर्म भरला.
अडथळ्याचं कारण: चरबी, वाइप्स.
खाली एक ओळ रिकामी होती. रिकामीच ठेवली.
पितळ पुसून खिशात टाकलं, जड आहे, जाकीट एका बाजूला ओढतंय.
रविवारी दवाखान्यात जायचंय.
नाकातल्या नळीसकट ते आजही विचारतील,
"कुठल्या बाजूला फिरवतेस?"

पण आधी चाचणी.
कुंपणावरून हाक दिली: इड्वल, ओढा साखळी!
दुसऱ्या कुंपणावरून: मेरेरिड, तुम्हीपण!
आणि गुडघे टेकून, दिवा धरून,
दोन्ही बाजूंनी येणाऱ्या आवाजाची वाट बघत बसले.