दाराचा रंग

रुवीत, होंडा रोडच्या मागच्या गल्लीत,
शिंपी आणि ट्रॅव्हल एजंट यांच्या मधोमध माझं दुकान.
पाटीवर तीन भाषा, आत मी एकटा.
जुलैत शटर उचलायचं तर आधी फडकं शोधावं लागतं.
आत एसी अठरावर,
कारण माणसाला घाम चालतो, मशीनला नाही.

मकबूल पेवेकर, म्हाप्रळचा, सोहारला वेल्डर,
जुन्या बनियनमध्ये गुंडाळून डिस्क घेऊन आला,
अंडी आणावीत तशी.
खोली बदलताना वरच्या बंकावरून पडली म्हणाला.
मी वीज दिली, कान लावला.
टक्. टक्. टक्. मग फिरणंच थांबलं.
रात्री उशिरा कुणी घरी यावं,
किल्ली हातात असावी
आणि कुलपाचं भोक सापडू नये, तसा आवाज.

"चौदा वर्षं आहेत आत," मकबूल म्हणाला.
मी म्हटलं, बघू.
या धंद्यात याहून मोठा शब्द वापरू नये.

मुत्रहच्या भंगारवाल्याकडे
त्याच कंपनीची, त्याच महिन्यात बनलेली दुसरी मिळाली.
तिचं हेड काढून हिला बसवलं, श्वास रोखून.
आत धुळीचा कण म्हणजे घाटात दरड,
आणि इथे तर वाळू
दाराशी चपला काढून बसलेलीच असते.

तीन रात्री ती वाचत राहिली.
अडली की मी उलटीकडून वाचायला लावायचो.
मी चहा करायचो, झोपायचो नाही,
एक टक्का, दोन टक्के, परत एक.

फोटो आले. नावं आली नाहीत.
तारखा नाहीत, फोल्डर नाहीत,
नुसते आकडे एकापुढे एक,
कॅम्पातल्या खाटांवर असतात तसे.

शुक्रवारी नमाजनंतर तो आला, अत्तर लावून.
सहा हजार फोटो. त्यातले चार हजार
पाइपांच्या सांध्यांचे.
मला वाटलं काहीतरी चुकलं माझं.
"नाय नाय, हेच," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला.
"हा आठ इंची, चौदा सालचा, रात्रपाळी.
हा दुक्मचा. वारा होता, बघा कड कशी हललीय.
हा माझा नाय, एका नेपाळ्याचा,
पण काय हात होता!"
एकाही सांध्यावर नाव नव्हतं,
एकाही सांध्याला तो चुकला नाही.

मग एक मुलगी.
पिवळा फ्रॉक, उंबऱ्यात उभी, पुढचे दोन दात पडलेले.
खालचा अर्धा फोटो करडा, पाय गेलेले.
"ही..." मकबूल म्हणाला,
आणि माऊसवरचं बोट तसंच राहिलं.

त्यानं घरी फोन लावला. स्पीकरवर. मागे मिक्सर.
"फ्रॉक थोरलीचा, मग धाकलीनं पण तोच घातला," बायको म्हणाली.
"दाराचा रंग बघा.
हिरवा असेल तर सना.
निळा तुमचे पैसे आल्यावर दिला, मग ती रुमाना."

आम्ही दोघं वाकलो.
दार जांभळं होतं.

खराब फाइलीत रंग जागचे सरकतात, मी सांगितलं.
हिरव्याचं जांभळं होतं. निळ्याचंही होतं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
ते दार जणू मीच रंगवलं होतं.

"अवो, कुठला रंग?"
"निळा," मकबूल म्हणाला.
"मग रुमाना," ती म्हणाली,
आणि मिक्सर परत सुरू झाला.

फोन खिशात गेल्यावर म्हणाला,
"नाव दोघींचं लिवा."
मी लिहिलं. सना रुमाना, मधे काहीच नाही.

पंचवीस रियाल ठरले होते.
वीस दिले, पाच पुढच्या पगाराला.
मेलेली डिस्क त्यानं नेली नाही.
अशातलं चुंबक मी नेहमी काढून घेतो, फार जोरकस असतं.
फ्रिजवर अकरा झालीत.
बाराव्याखाली लाँड्रीची पावती लावली.