एकास शहात्तर

सुगतचं पार्सल डर्बीहून निघून
सव्वीस दिवसांनी पोचलं.
पोस्टमननं ते पऱ्हाट्यांच्या ढिगावर ठेवलं
अन् बाबांऐवजी माझीच सही घेतली.

आत फोम, फोमच्या आत पातळ कागद,
कागदात एक डिझेल इंजिन.
वीतभर, वर दोन बोटं.
अंग हिरवं, तोंड पिवळं,
हळद लावून पाटावर बसवल्यासारखं.
सोबत चिठ्ठी: मामा, हे विलायतेतलं जुनं इंजिन.
एकास शहात्तर. चालत नाही, फक्त पाहायचं.

बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय.
पाहायचं काम त्यांनी बोटांना दिलं.
बफर. जाळी. जाळीखालचा पंखा.
दाराची मूठ, मोहरीएवढी.
वायपर, तोही होता.
केबिनमध्ये मात्र कोणी नाही.
‘डायवर चहाले गेला असंन,’
म्हणाले, आणि जुन्या पेटीतून
फीलर गेज काढून आणलं,
छोट्या लाईनच्या शेडमधून निवृत्त होताना
परत करायचं विसरलेलं.

चौतीस वर्षं फिटर. आधी कोळसा, मग डिझेल.

‘हिशेब लाव बरं पोरी. आपली लाईन?’
अडीच फुटांची ना? मी मोबाईल काढला.
एक सेंटीमीटर, बाबा. बरोबर एक.
‘अन् मी?’
दोन. तुरीच्या शेंगेहून कमी.
‘अन् नोकरी?’
वर्षं अशी लहान करत नाहीत.
‘लाव त.’
पाच महिने अकरा दिवस.
ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
‘एवढ्यात तूर होते,’ म्हणाले.

मग त्यांना चाकाजवळ वाळूची नळी सापडली.
सुईसारखी, वाकवलेली,
टोक चाक आणि रूळ भेटतात तिथं रोखलेलं.
‘पाह्य, वाळू इसरले नाईत लेकाचे!’
इतका आनंद मी त्यांना
माझ्या नोकरीच्या दिवशीही झालेला पाहिला नव्हता.

पौषातल्या पहाटे दवानं रूळ ओले असायचे,
चढावर चाक जागच्या जागी फिरायचं,
डब्यातले लोक उतरून बिड्या पेटवायचे,
आणि बाबा अडाण नदीची,
तव्यावर भाजून कोरडी केलेली वाळू
डब्याडब्यानं ओतायचे.
ही गोष्ट मला पाठ आहे.
नळी मी पहिल्यांदा पाहत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच वाळू आणली.
धुतली, वाळवली, भाजली,
माझ्या जुन्या ओढणीतून दोनदा गाळली.
शेवटी उरली ती पिठासारखी,
चिमूटभर.

नळीत जाईना.
भिंगातून मी पाहिलं.
बाबा, हिला भोकच नाही. भरीव आहे.
‘काहून?’
शोभेची आहे.
‘मंग वाकवली काहून एवढी बरोबर?’

याचं उत्तर मला आलं नाही.
मी अंगणवाडीत गेले, पोषण आहार वाटला,
पोरांचं वजन घेतलं, रजिस्टर भरलं.
परत आले तर दिवा पेटलेला,
गोधडी शिवायची सुई लाल तापलेली,
आणि बाबा श्वास रोखून.

प्लास्टिक वितळतं हे त्यांना माहीत होतं.
लोखंडाची सवय मात्र हाताला होती.

नळी तुटली.
फेविक्विकनं ती चिकटवली, थोडी तिरपी.
आणि हिरव्या अंगावर, इंजिनाच्या ऐन कुशीत
अंगठा उमटला,
सगळ्या रेषांसकट.
रॉकेलनं निघेना, मीही फार घासलं नाही.
अख्ख्या इंजिनावर तेवढंच एक
लहान करून घातलेलं नाही.

रविवारी सुगतचा व्हिडिओ कॉल आला.
मामा, कसं वाटलं?
‘लय भारी. एक नंबर काम हाय,’ म्हणत
बाबांनी इंजिन टीव्हीवर ठेवलं,
अंगठ्याची बाजू भिंतीकडे करून,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी चूप बसले.